ॲक्सिस अँड अलाइज: बॉम्बफेकीचे घरचे नियम कसे बसवायचे

ॲक्सिस अँड अलाइज हा दुसऱ्या महायुद्धावरचा पटावरचा खेळ. तो नव्याने खेळायला लागलेल्या माणसाला बॉम्बरचा दोन टप्प्यांत राग येतो. आधी वाटतं, एवढे पैसे मोजून घेतलेलं हे विमान काहीच करत नाही. मग कुणीतरी चार-पाच बॉम्बर जमवून प्रत्येक पाळीला जर्मनीवर सोडतो. जर्मनी खेळणारा हताशपणे बँकेत पैसे भरत बसतो, आणि तेच विमान सगळा खेळ नासवतंय असं वाटू लागतं. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. म्हणूनच या खेळात सगळ्यात जास्त घरचे नियम बॉम्बफेकीभोवती तयार झाले असावेत. गल्ली क्रिकेटमध्ये प्रत्येक वाड्याचा 'एक टप्पा आऊट' वेगळा असतो, तसंच हे. फरक इतकाच की इथे चुकीचा नियम पाच तासांचा डाव वाया घालवतो.

हा लेख ज्यांनी दोन-तीन डाव खेळलेत आणि आता नियमांशी छेडछाड करायची खुमखुमी आलीय त्यांच्यासाठी आहे. मूळ नियम पुस्तिकेतून वाचलेत असं धरून चालतो.

पहिली पायरी: तुमच्याकडे कोणती पेटी आहे?

लॅरी हॅरिस यांनी रचलेला हा खेळ १९८१ साली पहिल्यांदा निघाला आणि १९८४ पासून मिल्टन ब्रॅडलीच्या मोठ्या पेटीमुळे जगभर गेला. त्यानंतर इतक्या आवृत्त्या आल्या की 'बॉम्बफेकीचा नियम' असं म्हणताना कोणत्या पेटीचा ते आधी विचारावं लागतं. थोरल्या भावाच्या किंवा अमेरिकेतल्या मामाच्या माळ्यावरून आलेली पेटी बहुधा १९८४ची असते, तिला पुढे 'जुनी पेटी' म्हणतो.

जुन्या पेटीत बॉम्बर १५ आयपीसीला (आयपीसी म्हणजे या खेळातले पैसे) मिळतो. कारखाना असलेल्या प्रदेशावर तो नेला की तिथली विमानभेदी तोफ प्रत्येक बॉम्बरसाठी एक फासा टाकते आणि १ पडला तर बॉम्बर गेला. जे वाचतात ते प्रत्येकी एक फासा टाकतात, आणि जितके आकडे पडतील तितके पैसे समोरच्याने हातातून बँकेत भरायचे. तोफच नसेल तर बॉम्बरला काहीच धोका नाही. बॉम्बफेकीला गेलेला बॉम्बर त्या पाळीत दुसऱ्या लढाईत उतरत नाही.

'हातातून' हा शब्द लक्षात ठेवा. या खेळात उत्पन्न आपल्या पाळीच्या शेवटी मिळतं आणि खर्च पुढच्या पाळीच्या सुरुवातीला होतो. जर्मनीने खिसा भरला की मध्ये ब्रिटन आणि अमेरिका दोघांचीही पाळी येते, आणि दोघेही त्या भरल्या खिशावर बॉम्ब टाकू शकतात. जुन्या पेटीत जर्मनीचं सुरुवातीचं उत्पन्न ३२ आहे. दोन्ही दोस्तांकडे मिळून चार बॉम्बर असले तर दर फेरीला सरासरी ११-१२ आयपीसी जातात, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त. तक्रार उगीच नाही.

२००८च्या वर्धापन आवृत्तीपासून हे बदललं. पैसे थेट जाणं बंद झालं आणि कारखान्याखाली नुकसानीच्या चकत्या ठेवायची पद्धत आली. एका चकतीमागे त्या कारखान्याची क्षमता एका सोंगटीने कमी होते, आणि दुरुस्तीला चकतीमागे एक आयपीसी लागतो. नुकसानीची कमाल प्रदेशाच्या पटावर छापलेल्या किमतीच्या दुप्पट, म्हणजे १० किमतीच्या जर्मनीवर जास्तीत जास्त २० चकत्या. बॉम्बरही १२ला मिळू लागला. पुढे युरोप आणि पॅसिफिक जोडून खेळायच्या १९४० खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत मोठ्या बॉम्बरच्या नुकसानीच्या फाशात २ मिळवायची मुभा आली.

पेटी ओळखली नाही आणि मित्राने सांगितलेला नियम तसाच उचलला, तर काय होतं याचं उदाहरण चकत्यांचंच घ्या. जुन्या पेटीत मूळ कारखान्यातून हव्या तितक्या सोंगट्या काढता येतात, क्षमतेला मर्यादाच नाही. तिथे चकत्यांचा नियम आणला तर चकती कमी कशातून करणार? आधी प्रदेशाच्या किमतीइतकी मर्यादा घालावी लागते. मग रशियाचा सगळा खेळ बदलतो, कारण त्याला स्वस्तातलं पायदळ ढिगाने एका ठिकाणी उतरवायचं असतं. म्हणून जुन्या पेटीवाल्यांनी चकत्यांच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांनी साधी वरची मर्यादा घालावी: एका प्रदेशाकडून एका फेरीत, सगळे शत्रू मिळून, त्या प्रदेशाच्या किमतीपेक्षा जास्त वसुली नाही. एवढ्याने निम्मी भांडणं मिटतात.

दुसरी पायरी: एका उड्डाणाचा हिशोब

नियम बदलण्याआधी कागद घ्या. शाळेतलं गणित पुरतं.

फाशाची सरासरी साडेतीन. तोफेतून वाचण्याची शक्यता सहात पाच. म्हणजे एका उड्डाणाचं सरासरी नुकसान २.९२ आयपीसी. उलट बाजूला सहात एक वेळा विमान जातं: १५ किमतीला तो तोटा २.५०, १२ किमतीला २.००. म्हणजे जुन्या पेटीत दर उड्डाणामागे बॉम्बरवाल्याला जेमतेम ०.४ चा फायदा आहे आणि नव्या किमतीत ०.९ चा. फाशात २ मिळवले तर नुकसान ४.५८ होतं आणि फायदा उडी मारून २.६ वर जातो.

हा आकडाच तुमचा थर्मामीटर. शून्याच्या खाली गेला तर बॉम्बर कुणी घेणार नाही, आणि दोनच्या वर गेला तर अमेरिका दुसरं काही घेणार नाही. माझ्या मते घरच्या नियमांनी हा आकडा शून्य ते एकच्या मध्ये ठेवावा आणि परिस्थितीनुसार तो थोडा वर-खाली होऊ द्यावा.

आणखी एक आकडा नवख्यांना धक्का देतो. एकच बॉम्बर सलग चार वेळा पाठवला तर तो जिवंत असण्याची शक्यता ४८ टक्के उरते, निम्म्याहून कमी. 'माझा बॉम्बर नेहमीच पडतो' ही कुरकुर नशिबाची नसून गुणाकाराची आहे.

तिसरी पायरी: नेमकं दुखतंय कुठे ते ठरवा

इथे लोक घाई करतात. 'बॉम्बफेक कंटाळवाणी आहे' आणि 'बॉम्बफेक फार जबर आहे' या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि औषधंही वेगळी. जबर वाटत असेल तर मर्यादा घाला, किंमत वाढवा. कंटाळवाणी वाटत असेल तर आकडे बदलून काही होणार नाही, कारण कंटाळा फाशातून येत नाही. तो येतो बचाव करणाऱ्याला काहीही ठरवायचं नसतं यातून. तोफ आपोआप चालते, फासा पडतो, पैसे जातात.

खऱ्या युद्धात चित्र उलट होतं. जर्मनीचं शस्त्रास्त्र उत्पादन बॉम्बफेक चालू असतानाही १९४४च्या मध्यापर्यंत वाढत राहिलं. निव्वळ कारखान्याचं नुकसान मोजलं तर दोस्तांच्या हाती अपेक्षेपेक्षा कमी लागलं. मोठा परिणाम आकाशात झाला: स्वतःची शहरं वाचवायला जर्मनीला फायटर विमानं रशियाच्या आघाडीवरून घरी ओढावी लागली, आणि हजारो तोफा रणगाड्यांवर रोखण्याऐवजी ढगांकडे रोखाव्या लागल्या. पटावर हीच ओढाताण आली पाहिजे. जर्मनी खेळणाऱ्याला दर पाळीला 'फायटर बर्लिनला ठेवू की युक्रेनला नेऊ' असा प्रश्न पडला की तुमचा नियम जमला. पुढचे सगळे नियम मी याच कसोटीवर तपासतो.

चौथी पायरी: इंटरसेप्टर

एकच घरचा नियम घ्यायचा असेल तर हा घ्या. अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये तो कुठल्या ना कुठल्या रूपात छापलेलाही आहे, तेव्हा आधी आपली पुस्तिका बघा. खाली दिलेलं रूप कोणत्याही पेटीला चालतं.

हल्ला करणारा आधी सांगतो की अमुक प्रदेशावर इतके बॉम्बर आणि सोबत इतके फायटर. ते सोबतचे फायटर म्हणजे एस्कॉर्ट. मग बचाव करणारा ठरवतो की त्या प्रदेशातले किती फायटर वर पाठवायचे. हे वर जाणारे फायटर म्हणजे इंटरसेप्टर. शून्यही चालतात. आकाशातली चकमक फक्त एक फेरी चालते: दोन्ही बाजूंचं प्रत्येक विमान एक फासा टाकतं, १ पडला तर समोरचं एक विमान जातं, आणि दोघांचे फासे एकाच वेळी मोजले जातात. कोणतं विमान गमवायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. उरलेल्या बॉम्बरवर मग नेहमीप्रमाणे तोफ चालते आणि त्यानंतर बॉम्ब पडतात. एस्कॉर्टवर तोफ चालत नाही.

'फायटरचा बचाव तर ४ आहे (म्हणजे एरवी ४ किंवा कमी पडला की तो मारतो), मग इथे १ वरच का?' हा प्रश्न पहिल्याच डावात येणार. उत्तर हिशोबात आहे. बॉम्बर १२चा आणि फायटर १०चा धरू. एकटा बॉम्बर आला आणि एक इंटरसेप्टर वर गेला तर बॉम्बर वाचण्याची शक्यता ८३ वरून ६९ टक्क्यांवर येते आणि हल्लेखोराचा फायदा ०.९ वरून ०.४ वर उतरतो. म्हणजे वर जाणं बचाव करणाऱ्याला परवडतं, पण थोडक्यात. दोन इंटरसेप्टर गेले तर हल्लेखोर सरासरी १.४ ने तोट्यात जातो. आता त्याने सोबत एक एस्कॉर्ट आणला आणि तुमचा एकच इंटरसेप्टर असला, तर तुमचा १०चा फायटर पडण्याची शक्यता ३१ टक्के होते, आणि तुम्ही नेम साधलात तरी तो बहुधा स्वस्तातला फायटरच समोर करेल. तिथे खाली बसून राहणं शहाणपणाचं. एस्कॉर्ट आहेत का, किती आहेत, आपले किती आहेत, यावर उत्तर बदलतं. हेच तर हवं होतं.

इंटरसेप्टरला २ वर मारू दिलं तर एकट्या बॉम्बरचं उड्डाण १.७ ने तोट्यात जातं, आणि दोन पाळ्यांत बॉम्बफेक बंद पडते. १९४० खेळातला फाशात २ मिळवायचा नियम तुमच्याकडे चालू असेल तर मात्र २ वर मारणं चालून जातं, तोटा ०.६ वर येतो. एकट्या बॉम्बरला तरीही जड, पण एस्कॉर्ट असेल तर जमण्यासारखं.

या नियमाला मी एक शेपूट जोडतो आणि तेच सगळ्यात मजेचं ठरतं. वर गेलेला इंटरसेप्टर त्या पाळीत जमिनीवरच्या लढाईत भाग घेत नाही. त्याच प्रदेशावर शत्रूचं सैन्यही चालून आलं असेल, तर फायटर आकाशात वापरू की पायदळाच्या पाठीशी ठेवू हे बॉम्बर दिसताच ठरवावं लागतं. पश्चिम युरोप घ्यायला निघालेला ब्रिटिश खेळाडू मग मुद्दाम एक बॉम्बर आमिष म्हणून पाठवतो. तिथे कारखाना असायला हवा ही अट मात्र विसरू देऊ नका.

आता पल्ल्याकडे लक्ष द्या, कारण नवखे हमखास इथे अडकतात. बॉम्बरची चाल ६ घरं आणि फायटरची ४, आणि त्यातच परतीचा प्रवास बसवायचा असतो. जाऊन त्याच ठिकाणी परत यायचं तर फायटर दोन घरांपलीकडे एस्कॉर्ट देऊ शकत नाही. ही खेळातली अडचण इतिहासातून तशीच्या तशी आली आहे. १७ ऑगस्ट १९४३ रोजी अमेरिकेची ३७६ बी-१७ बॉम्बर विमानं जर्मनीतल्या श्वाइनफुर्टच्या बेअरिंग कारखान्यांवर आणि रेगेन्सबुर्गवर निघाली. सोबतच्या फायटरचं इंधन लक्ष्यापर्यंत पुरत नव्हतं, आणि ६० बॉम्बर पडले. १४ ऑक्टोबरला पुन्हा श्वाइनफुर्टवर गेले, २९१ निघाले, पुन्हा ६० पडले. त्यानंतर जर्मनीच्या आतवर एस्कॉर्टशिवाय जाणं थांबलं. जादा इंधनटाक्या लावलेली मस्टँग फायटर विमानं आली आणि १९४४च्या सुरुवातीपासून पारडं फिरलं.

जुन्या पेटीत ही मस्टँग आधीपासून आहे, फक्त तिला ओळखत कुणी नाही. संशोधनाच्या सहा शोधांपैकी 'लाँग रेंज एअरक्राफ्ट' मिळाला की फायटरची चाल ६ आणि बॉम्बरची ८ होते. इंटरसेप्टरचा नियम नसताना हा शोध कुणालाच नको असतो. तो नियम आणताच अमेरिका त्यासाठी संशोधनाचे फासे विकत घ्यायला लागते. एका नियमाने पटावरचा दुसरा मेलेला नियम जिवंत होतो, तेव्हा बदल योग्य ठिकाणी बसला असं समजायचं.

पाचवी पायरी: दिवस की रात्र

इंटरसेप्टर अंगवळणी पडले की मगच याकडे या. दोन्ही एकदम आणले तर कुणाचं काय बिघडलं ते कळत नाही.

हल्लेखोराने सुरुवातीलाच 'दिवसा' किंवा 'रात्री' असं जाहीर करायचं. दिवसा म्हणजे वर सांगितलेलं सगळं. रात्री इंटरसेप्टर नाहीत, एस्कॉर्ट नाहीत, तोफ मात्र चालते, आणि नुकसानीच्या फाशातून १ वजा. म्हणजे १ पडला तर नुकसान शून्य.

वजाबाकीमागे कारण आहे. १९४१च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिशांनी स्वतःच्याच रात्रीच्या हल्ल्यांची छायाचित्रं तपासली तेव्हा असं निघालं की लक्ष्यावर बॉम्ब टाकल्याचं सांगणाऱ्या विमानांपैकी जेमतेम एक तृतीयांश विमानं लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोहोचली होती. अंधारात कारखाना सापडत नव्हता, म्हणून मग अख्ख्या शहरावर बॉम्ब टाकायचं धोरण आलं. १९४२च्या मे अखेरीस कोलोनवर हजार विमानं गेली ती याच धोरणातून.

हिशोबात रात्रीचं उड्डाण जवळपास बरोबरीचं आहे, ०.१ च्या आसपास फायदा. म्हणजे समोर दोन-तीन फायटर बसलेत आणि आपल्याकडे एस्कॉर्ट नाही, तेव्हा रात्री जावं. शत्रूने फायटर हलवले की दिवसा जावं. काही जण रात्री तोफसुद्धा काढून टाकतात. तसं करू नका. धोका शून्य आणि नुकसान सरासरी अडीच, मग दिवसा जाईल कोण?

सहावी पायरी: दुसरी लक्ष्यं

कारखान्याऐवजी दुसरं काहीतरी उडवता यावं ही हौस सगळ्यांना असते. यातले दोन प्रकार बरे चालतात.

एक रेल्वे. हल्लेखोर 'रेल्वे' म्हणतो. तोफेतून वाचलेल्या कोणत्याही बॉम्बरचा फासा ४ किंवा वर पडला तर पैसे जात नाहीत, पण त्या प्रदेशातून निघणारे रणगाडे शत्रूच्या पुढच्या पाळीत दोनऐवजी एकच घर चालतात. एकाने यश मिळवलं तर दुसऱ्याचं यश जास्तीचं काही देत नाही. नॉर्मंडीत दोस्तांचं सैन्य उतरण्याआधी १९४४च्या वसंतात फ्रान्समधल्या रेल्वेवर जे झालं त्याची ही छोटी प्रत आहे. उतरायच्या आदल्या फेरीत वापरली तर फार उपयोगी, एरवी कुणी हात लावत नाही. तसंच असावं.

दुसरं तेल. पटावरचे दोन-तीन प्रदेश आधीच 'तेलाचे' ठरवा: काकेशस, ईस्ट इंडीज, आणि रुमानिया ज्या प्रदेशात येतो तो. तिथे कारखाना नसला तरी बॉम्बफेक चालेल. प्रत्येक बॉम्बरचा ५ किंवा ६ पडला की त्या मालकाचं एक विमान किंवा जहाज, त्याच्या स्वतःच्या निवडीचं, पुढच्या पाळीत जागेवरून हलत नाही. इथे तोफ १ ऐवजी १ किंवा २ वर मारते. तेल कुणी उघड्यावर सोडत नाही: १ ऑगस्ट १९४३ला रुमानियातल्या प्लोएश्तीवर अगदी कमी उंचीवरून उडत गेलेल्या सुमारे १७५ लिबरेटर बॉम्बरपैकी ५० हून जास्त परतले नाहीत.

तिसरा प्रकार लोक हमखास मागतात तो अणुबॉम्बचा. मी खेळत नाही. जो पहिला मिळवेल तो जिंकला, म्हणजे उरलेले सगळे निर्णय फोल. आणि मार्च १९४५च्या बॉम्बफेकीने लागलेल्या टोकियोच्या आगीत एका रात्रीत काय झालं ते वाचलं असेल, तर शहरातली माणसं मारण्याला वेगळे गुण देणारा नियम टेबलावर आणावासा वाटत नाही. ज्याला वाटतं त्याने आणावा.

सातवी पायरी: जड बॉम्बरला लगाम

हे थोडक्यात. जुन्या पेटीत 'हेवी बॉम्बर' हा शोध लागला की प्रत्येक बॉम्बर तीन फासे टाकतो. हिशोब करा: नुकसान ८.७५, तोटा २.५०, निव्वळ फायदा सव्वासहा, तोही दर उड्डाणाला. एका नशीबवान फाशावर डाव संपतो. उपाय सोपा आहे: दोन फासे टाका आणि मोठा आकडा धरा. सरासरी ४.४७ येते, १५च्या बॉम्बरचा फायदा सव्वाएकवर थांबतो. शोध लागल्याचा आनंदही राहतो.

आठवी पायरी: अख्खा डाव न खेळता चाचणी

नवा नियम थेट शनिवारच्या मोठ्या डावात आणू नका. दोघंच बसा. पटाचा पश्चिम भाग तेवढा मांडा: ब्रिटनमध्ये तीन बॉम्बर आणि दोन फायटर, जर्मनीत एक तोफ आणि तीन फायटर. जर्मनीला दर पाळीला ठरावीक २० आयपीसी द्या. त्याच्या पूर्वेला एक काल्पनिक आघाडी ठेवा, जिथे दर पाळीला निदान दोन फायटर नसतील तर ५ आयपीसी दंड. ब्रिटनला दर पाळीला १२. दहा पाळ्या अर्ध्या-पाऊण तासात होतात. मग बाजू बदलून पुन्हा.

कुणी जिंकलं याकडे फार बघू नका, दहा पाळ्यांत फासे काहीही करतात. बघायचं ते हे: जर्मनीने किती वेळा फायटर इकडून तिकडे हलवले? किती वेळा वर न जाणं पसंत केलं? ब्रिटनने एकदा तरी बॉम्बर घरी ठेवला का? सगळ्याच पाळ्या सारख्या झाल्या असतील तर नियम टाकून द्या, आकडे कितीही छान जमले असले तरी. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. किंमत आणि फासा दोन्ही एकदम बदलून मग कशामुळे बिघडलं ते शोधत बसणारे गट मी बरेच पाहिले आहेत.

चाचणीत टिकलेला नियम मोठ्या डावाआधी एका कागदावर लिहा, पटाशेजारी ठेवा, सगळ्यांच्या सह्या नकोत पण सगळ्यांनी एकदा मोठ्याने वाचलेला असावा. वाद कोणत्या ओळीवरून होतात ते आधीच माहीत आहे, म्हणून त्या ओळी सोडू नका: चकमकीचे फासे एकाच वेळी मोजायचे की एकामागून एक, मर्यादा एका शत्रूसाठी की सगळ्या शत्रूंसाठी मिळून, हातात पैसे कमी असतील तर उरलेलं नुकसान माफ की पुढे ओढायचं (माझ्याकडे माफ), मित्रदेशाचे फायटर त्या प्रदेशात असतील तर ते वर जाऊ शकतात का (माझ्याकडे हो, पण त्यांचा मालक ठरवणार). कागदावर नसलेला प्रश्न डावात निघाला तर त्या वेळी फाशाने निर्णय घ्या आणि डाव संपल्यावर लिहा. डावाच्या मध्यात नियम बदलायचा नाही, जर्मनी हरत असला तरी. विशेषतः जर्मनी हरत असला तर.

हौशींसाठी: खरगपूर

हा नियम समतोलासाठी नाही, मजेसाठी आहे. १९४४ साली अमेरिकेची बी-२९ बॉम्बर विमानं बंगालमधल्या खरगपूर आणि आसपासच्या तळांवर होती. त्यांचं मुख्यालय हिजलीच्या जुन्या बंदीगृहाच्या इमारतीत होतं, जिथे नंतर आयआयटी सुरू झाली. जपानवर जायचं तर आधी हिमालय ओलांडून चीनमध्ये चेंगडूजवळच्या तळांवर उतरायचं, तिथे इंधन भरायचं आणि मग पुढे. त्या तळांवरचं इंधनही विमानांनीच हिमालयापलीकडे नेलेलं असे. १५ जून १९४४ रोजी जपानमधल्या यावाताच्या पोलाद कारखान्यावरचा पहिला हल्ला असाच झाला. एवढ्या खटाटोपाने टाकलेले बॉम्ब महागच पडले, आणि पुढे प्रशांत महासागरातली मारियाना बेटं हातात येताच हा मार्ग सोडून दिला.

पटावर असं: अमेरिकन बॉम्बर भारत आणि चीनमध्ये उतरू शकतात, मित्रप्रदेश आहेत. चीनमधून जपानवर निघणाऱ्या प्रत्येक बॉम्बरमागे अमेरिकेने आधी १ आयपीसी बँकेत भरायचा, आणि भारत ब्रिटनच्या ताब्यात नसेल तर हे उड्डाणच नाही. हिशोबात ०.९ चा फायदा जवळपास शून्यावर येतो, तेव्हा पैशासाठी कुणी हे करणार नाही. पण जपान खेळणाऱ्याला टोकियोत एक-दोन फायटर अडकवून ठेवावे लागतात, आणि भारत अचानक दोन्ही बाजूंना हवाहवासा होतो. हा नियम लावायचा तर भारत घ्यायला जपानला किती पाळ्या लागतात ते आधी बघा. तुमच्या गटात भारत तिसऱ्याच पाळीला पडत असेल तर तिथे ब्रिटनला सुरुवातीला दोन पायदळ जास्तीची द्या, नाहीतर नियम कागदावरच राहील.